मोठा ट्रॅक्टर, बाबांचा ट्रॅक्टर आणि कुट्टीचा एक तास

काटोल तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे, वय ३६. घरची नऊ एकर शेती. तीन एकरांत हत्ती गवत आणि मका, बाकीच्यात सोयाबीन-तूर. शिवाय नदीकाठाला सात एकर पडीत, तिथे नुसतं गवत. कोठ्यात सोळा जर्सी-संकरित गाई, तीन म्हशी, वासरं. दिवसाला ११० लिटर दूध, लिटरला सरासरी ३५ रुपये. वडिलांनी १९९९ साली घेतलेला ३५ एचपीचा ट्रॅक्टर आता धूर सोडतो, सेल्फ घेत नाही, क्लच घसरतो आणि अवजार उचलणारी मागची लिफ्ट उचलल्यावर हळूहळू खाली येते. मिस्त्रीनं १ लाख ३० हजारांचा अंदाज दिला. डीलर म्हणतो, ५० एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह घ्या: किंमत ९ लाख ६० हजार, जुन्याचे १ लाख ६० हजार वजा, उरलेल्या ८ लाखांचं पाच वर्षांचं कर्ज, सहामाही हप्ता १ लाख ६ हजार. गवताचे गठ्ठे बांधायला बेलर चालवायचा तर एवढी ताकद लागतेच, बेलर भाड्यानं दिला की हप्ता निघून जाईल, जीएसटीही कमी झालाय, पाडव्याला गाडी दारात. वडील म्हणतात, "हा विकला तर मी वावरात पाय ठेवत नाही." पत्नी म्हणते, आधी कोठ्यावर धड छत करा. वीज जाते म्हणून कडबाकुट्टीही ट्रॅक्टरवरच चालते, सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर. वाचक विचारतात : वडिलांचं ऐकू की डीलरचं?

भाऊ,

तुमच्या चार पानांच्या पत्रात डीलरला दीड पान आहे, बाबांना एक पान आहे, वहिनींना एक ओळ आहे आणि कुट्टीला अर्धी. माझं उत्तर मी त्या अर्ध्या ओळीपासून सुरू करते. कळमेश्वरच्या बाजूला आम्ही नवरा-बायकोनं बावीस वर्षं गाई सांभाळल्या, त्यातली पहिली सहा वर्षं मीही हीच चूक केली होती.

तुमच्या ट्रॅक्टरचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम कोणतं? नांगरणी नाही, पेरणी नाही, गवत तर नाहीच. रोजची कुट्टी. दिवसाला एक तास म्हणजे वर्षाला ३६५ तास. जे काम ३ एचपीची मोटार निवांत करते, त्याला तुम्ही ३५ एचपीचं इंजिन जुंपलंय. तासाला दोन लिटर डिझेल आणि लिटरला ९० रुपये धरा. रोजचे १८० रुपये, वर्षाचे ६५ हजार ७००. मोटारीला त्याच तासात अडीच युनिट वीज लागेल. युनिट दहा रुपयांचं धरलं तरी रोजचे २५, वर्षाचे ९ हजारांच्या आसपास. दरवर्षी छप्पन हजारांवर रुपये सायलेन्सरमधून वर चाललेत, आणि ते कुठल्याच हिशेबात दिसत नाहीत, कारण डिझेल "शेतीच्या कामाला" म्हणून एकत्रच भरलं जातं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डिझेल इंजिन हलक्या भारावर तासन् तास चालवलं की ते नीट तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, नोझलवर काजळी धरते. म्हणजे ज्या धुरामुळे तुम्ही ट्रॅक्टर विकायला निघालात, त्यातला काही धूर या कुट्टीनंच आणला असू शकतो.

वीज जाते हे खरं. पण ती दिवसभर जात नाही, वेळापत्रकानं जाते, आणि तुम्हाला दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास हवाय. वाळलेल्या कडब्याची कुट्टी दोन-तीन दिवसांची एकदम करून ठेवता येते. हिरवी मात्र ठेवू नका, ढीग घातला की काही तासांत आतून तापते आणि जनावर तोंड लावत नाही. म्हणून हिरव्याची वेळ विजेच्या वेळेशी जुळवायची. ट्रॅक्टरची पुली काढून टाका असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात तार तुटून दोन दिवस अंधार झाला की तीच कामाला येते.

आता एचपीकडे.

तुम्ही धरून चाललात की गवत म्हणजे बेलर आणि बेलर म्हणजे ५० एचपी. जरा तास मोजू. सात एकर पडितावर एकरी दीड टन वाळलं गवत धरलं तर साडेदहा टन होतं. वीस किलोचा एक गठ्ठा धरला तर सव्वापाचशे गठ्ठे. बेलर तासाला पन्नास गठ्ठे बांधतो असं जरा हात राखूनच धरू. काम झालं दहा-साडेदहा तासांचं. वर्षातून दहा तास! तेवढ्यासाठी ८ लाखांचं कर्ज, आणि बेलर अजून वेगळाच घ्यायचाय.

वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तुमचा ट्रॅक्टर काय करतो? हिरव्या चाऱ्याची ट्रॉली ओढतो, शेणखत वावरात टाकतो, मौद्याकडून भाताचं तणीस आणतो, ढेपेची पोती आणतो, पेरणीच्या आधी रोटाव्हेटर चालवतो. या सगळ्याला ३५ ते ४० एचपी पुरून उरतं. ट्रॅक्टर निवडायचा तो या साडेतीनशे दिवसांकडे बघून. दहा तासांचं काम भाड्यानं करून घ्या. अवजारे बँक असलेला शेतकरी गट तुमच्या तालुक्यात आहे का ते सहायक कृषी अधिकाऱ्याला (म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारा. आणि बेलर घ्यायचाच ठरला, तर लहान गोल गठ्ठे बांधणारे बेलर ३५ एचपीवरही चालतात. ४५-५० ची भूक असते ती मोठ्या, चौकोनी गठ्ठ्यांच्या बेलरला.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी डीलर सहसा स्वतःहून सांगत नाही. बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते. बेलर, रोटाव्हेटर, कुट्टी ही सगळी पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतात, आणि पीटीओपर्यंत येईतो त्यातली साधारण पंधरा टक्के ताकद वाटेत जिरते. म्हणून "पीटीओला किती?" असा प्रश्न विचारा. उत्तर माहितीपत्रकातून नको, बुधनीच्या अहवालातून घ्या. नागपूरहून इटारसीमार्गे भोपाळला जाताना नर्मदा ओलांडली की बुधनी लागतं. तिथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था १९५५ पासून आहे. कोणत्या मॉडेलनं पीटीओला किती ताकद दिली, डिझेल किती खाल्लं, लिफ्टनं किती वजन उचललं, हे सगळं त्या अहवालात असतं. डीलरकडे त्याची प्रत मागा. मागितल्यावर त्याचा चेहरा कसा होतो तेही बघा, त्यावरूनही बरंच कळतं.

आणि ५० चा आकडा नीट बघून घ्या. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे, कडक नियम लागू झाले, ज्यांना ट्रेम चार म्हणतात. त्यामुळे त्या ट्रॅक्टरांत कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक्सनं डिझेल सोडायची पद्धत), सेन्सर आलं. इंजिन चांगलंच असतं, पण बिघडलं तर तुमच्या गावचा मिस्त्री पाना घेऊन बसू शकत नाही, कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून पुष्कळ मॉडेल ५० च्या जरा खालीच थांबवलेली दिसतात. तुम्हाला दाखवलेलं मॉडेल रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, हे लेखी विचारा.

फोर व्हील ड्राइव्हबद्दल मात्र मी डीलरला उडवून लावणार नाही. तुमची पांदण काळ्या मातीची असेल आणि श्रावणात भरलेली ट्रॉली तिच्यातून काढायची असेल, तर पुढच्या चाकांची ओढ खरंच उपयोगी पडते. पुढे लोडर लावून शेण उचलायचं असेल तरीही. पण याचा निकाल शोरूममध्ये लागत नाही. डेमोची गाडी घरी बोलवा, तुमचीच ट्रॉली शेणखतानं भरा आणि तुमच्याच पांदणीतून न्या.

भाड्यातून हप्ता काढायचा विचार मला सगळ्यात जास्त भीती घालतो. गवत कापायचे दिवस सगळ्यांचे एकच असतात. तुमचा बेलर शेजारच्या गावात फिरेल तेव्हा तुमच्या स्वतःच्या गवताच्या वावरात वाळून काड्या होत असतील. चालवायला माणूस लागेल, दुसऱ्याच्या वावरात दगड लागून पिन तुटली तर दिवस जाईल, आणि गावातली उधारी कशी वसूल होते ते तुम्ही मला सांगू नका, मी तुम्हाला सांगत नाही. शिवाय भाड्यानं चालवायचा तर तुमच्या विमा पॉलिसीत तो वापर बसतो का, हे आधी बघा. अपघात झाल्यावर ते वाचण्यात अर्थ नसतो.

म्हणून भाड्याचं उत्पन्न शून्य धरून हिशेब करा. वर्षाचे दोन हप्ते २ लाख १२ हजार. म्हणजे रोजचे ५८१ रुपये, साडेसोळा लिटर दुधाचे पैसे. हे विक्रीच्या भावानं झालं. चारा, ढेप, डॉक्टर, मजुरी वजा जाता लिटरमागे तुमच्या हातात दहा रुपये राहत असतील, तर ५८ लिटरांचा नफा नुसत्या हप्त्याला गेला. अर्धा कोठा ट्रॅक्टरसाठी दूध देणार. गाईंना विचारून बघा.

जीएसटीचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला, बरोबर आहे. पण तो काही पाडव्याचा सेल नाही. तोच दर पोळ्यालाही असेल. आणि त्याच वेळी ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूब आणि सुट्या भागांवरचा कर १८ वरून ५ वर आला, हे तुम्हाला कोणी सांगितलं का? जुना ट्रॅक्टर दुरुस्त करणंही स्वस्त झालंय. सांगणार तरी कोण, त्यात कोणाचं कमिशन नाही. अदलाबदलीचे १ लाख ६० हजारही एकदा उलट बाजूनं तपासा. "जुना देत नाही, रोख किंवा कर्जानं घेतो, किती सूट?" असं विचारा. अनेकदा जुन्याची किंमत वाढवून दाखवलेली असते आणि नव्यावरची सूट गुपचूप गिळलेली असते.

अनुदानाचा विचार असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नका. आधी खरेदी आणि मग अर्ज, हे चालत नाही. पाडव्याची घाई इथेच महागात पडते.

आता बाबांचा ट्रॅक्टर. तो चांगला की वाईट, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. मिस्त्रीनं १ लाख ३० हजार हा एकच आकडा सांगितला. त्याचे तुकडे मागा. तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारी एका वजनाच्या नाहीत. सेल्फ म्हणजे बहुतेक वेळा कार्बन ब्रश, सोलेनॉइड किंवा सैल, खारवलेलं बॅटरीचं टर्मिनल. किरकोळ. लिफ्ट उचलते पण टिकत नाही, तर सहसा आतलं सील किंवा ओ-रिंग गेलेली असते. तेही परवडणारं. क्लच प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधून दोन भागांत खोलावा लागतो, त्यात मजुरी जाते, पण झिजणं हा प्लेटचा धर्मच आहे, तो ट्रॅक्टरचा आजार नाही. खरा प्रश्न इंजिनाचा. आणि तिथे तुम्ही मला सगळ्यात आवश्यक गोष्टच सांगितली नाही : धूर कोणत्या रंगाचा आहे?

काळा असेल तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जातंय. एअर क्लीनर, नोझल, पंप बघा, इंजिन खोलायची गरज नसेलही. निळा असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा-लायनर झिजले असण्याची शक्यता. पांढरा असेल आणि इंजिन गरम झाल्यावरही जात नसेल, तर पाणी आत शिरतंय का ते तपासा. ऑइलची पट्टी काढून पाहा, ऑइल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठं काही. आणखी एक जुनी परीक्षा : इंजिन चांगलं तापू द्या आणि ते चालू असताना ऑइल भरायचं झाकण सावकाश उघडा. तिथून फुसफुस करत सतत धूर येत असेल तर इंजिन बांधायला आलंय. नुसती वाफेची झुळूक असेल तर अजून दम आहे. हे एकाऐवजी दोन मिस्त्र्यांकडून करून घ्या, आणि दुसऱ्याला पहिल्याचा आकडा सांगू नका.

ब्लॉकला तडा असेल किंवा गिअर आपोआप निसटत असेल, तर माया करू नका. पण नुसतं रिंगा-लायनर, क्लच आणि सील एवढंच असेल, तर १ लाख ३० हजारांत तुम्हाला ओळखीचा, बिनकर्जाचा ट्रॅक्टर आणखी काही वर्षं मिळतो. एक कागद मात्र आजच काढून बघा. १९९९ च्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची होती, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. ते झालंय का? विमा चालू आहे का? ट्रॉलीसुद्धा कागदावर आहे का? रस्त्यावर तणसाची ट्रॉली घेऊन जाताना काही झालं, तर तिथे इंजिनाचा धूर कोणी बघत नाही.

बाबा एवढे अडून का बसलेत, हे मला पत्रावरून वाटतं ते सांगते, चुकत असेन तर सोडून द्या. त्यांनी तो ट्रॅक्टर १९९९ मध्ये कर्जानंच घेतला असणार. ते हप्ते कसे फेडले हे तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. तुम्ही "हा भंगार झाला" म्हणता तेव्हा त्यांना त्या वर्षांबद्दल ऐकू येतं. आणि दुसरं, इतकी वर्षं त्याच सीटवर बसलेल्या माणसाला इंजिनाचा आवाज बदललेला मिस्त्रीच्या आधी कळतो. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि विचारा : पंप केव्हा केला, क्लच केव्हा बदलली, धूर कोणत्या सालापासून? विकायचं की ठेवायचं हा विषयच काढू नका. ट्रॅक्टरचा सगळा इतिहास त्यांच्याकडे आहे, आणि तुम्ही तो दीड लाखाला डीलरला द्यायला निघालात.

ट्रॅक्टर ठेवा किंवा नवा घ्या, गाईंच्या घरातला ट्रॅक्टर शेतीच्या ट्रॅक्टरपेक्षा वेगळा मरतो. त्याला नांगर मारत नाही, धूळ, कुटार आणि शेणाचा खार मारतो. तुमच्या पत्रात तो "कोठ्याच्या पडवीत" उभा असतो असं आहे. तिथून आधी बाहेर काढा. मुतातून अमोनिया उठतो, तो तांब्या-पितळेला खातो. तुमच्या वायरिंगचे आणि सेल्फचे अर्धे त्रास तिथलेच असू शकतात. गंजीजवळही उभा करू नका. उंदीर-खारी वायरी कुरतडतात, आणि गरम सायलेन्सरवर वाळकं गवत पडलं की काय होतं ते सांगायला नको. शेणखताची ट्रॉली रिकामी झाली की त्याच दिवशी धुवा, नाहीतर तिचा तळ दोन-तीन वर्षांत चाळण होतो.

गवताचं आणि कुट्टीचं काम चालू असेल तेव्हा रेडिएटरची जाळी रोज साफ करायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. जाळीत कुटार बसलं की वारा आत जात नाही आणि इंजिन तापतं. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका, आत क्षार धरतात. कूलंट वापरा. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर खालच्या वाटीतला गाळ या दिवसांत आठवड्याला बघा. कोरड्या फिल्टरचा असेल तर तो टायरवर आपटून झाडू नका, कागद फाटतो आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. हवा मारायची ती आतून बाहेर, हळू. टाकी संध्याकाळीच भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं आणि डिझेलमध्ये पाणी जातं. इंजिन ऑइल पुस्तकात सांगितलेल्या तासांवर बदला, बहुतेक ट्रॅक्टरांना ते २५० च्या आसपास असतं. पण तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलाच. मीटर बंद असेल तर सीटखाली एक वही ठेवा. आमच्या ट्रॅक्टरची वही नवऱ्यानं अकरा वर्षं लिहिली. विकताना घेणाऱ्यानं ट्रॅक्टरपेक्षा वहीच जास्त वेळ पाहिली आणि भावात घासाघीस केली नाही.

तुम्ही विचारलं नाही, तरी हे लिहिल्याशिवाय पत्र बंद करणार नाही. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. "अरे" म्हणेपर्यंत नऊ वेढे बसतात. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडाला दुपट्टा असतो, बायांचा पदर असतो. आमच्या सालदाराचा दुपट्टा असाच एकदा ओढला गेला. धुऊन धुऊन विरलेला होता म्हणून टर्रकन फाटला आणि माणूस वाचला. नवा असता तर? त्या शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर यायचं, ते आम्ही "मध्ये येतं" म्हणून काढून ठेवलं होतं. तुमच्याकडेही ते कुठेतरी कोपऱ्यात पडलं असेल. आजच बसवा. कुट्टीवर वहिनी उभ्या राहत असतील तर आजच.

आता गवताचं. "दिवाळीनंतर मजूर मोकळे झाले की कापतो" असं तुम्ही लिहिलंत. तोपर्यंत पडितातलं गवत बी झाडून मोकळं झालेलं असतं, कुसळं धरलेली असतात, पानं गेलेली असतात आणि तुम्ही काड्या गोळा करता. त्या काड्यांचे गठ्ठे ५० एचपीनं बांधले काय नि हातानं बांधले काय, गाईच्या पोटात सारखंच. गवत फुलोऱ्यावर येतं तेव्हा कापायचं, म्हणजे ऑक्टोबरात पाऊस सरला आणि सलग तीन-चार दिवस ऊन दिसलं की. त्यासाठी बेलरपेक्षा ब्रश कटर किंवा भाड्याचं गवत कापायचं मशीन आणि वेळेवर दोन माणसं जास्त महत्त्वाची. दव उडाल्यावर कापा, दुसऱ्या दिवशी उलटा, पानं चुरा होण्याआधी गोळा करा.

बांधायला तयार झालं की नाही हे बघायची सोपी युक्ती : मूठभर गवत बारीक करून कोरड्या बरणीत टाका, चमचाभर कोरडं मीठ घाला आणि दोन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर बांधा, गोळे झाले तर आणखी एक ऊन द्या. ओलं बांधलेलं गवत आतून तापतं, बुरशी धरतं, आणि फार तापलं तर आपणहून पेटतंसुद्धा. रचल्यावर पहिले पंधरा दिवस गंजीत लोखंडी सळई खुपसून ठेवा. रोज काढून हात लावा. हात टिकत नसेल तर गंजी मोडा.

मौद्याकडून तणीस आणता ते तिथेच गठ्ठे बांधलेलं मिळतं का बघा, ट्रॉलीच्या खेपा कमी होतील. आणि तणसाला युरियाची प्रक्रिया करता का? शंभर किलोला चार किलो युरिया, चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडायचा आणि एकवीस दिवस हवाबंद झाकायचं. नंतर काढून थोडं हवेवर ठेवायचं आणि हळूहळू सवय लावायची, लहान वासरांना द्यायचं नाही. पहिल्यांदा करताना पशुवैद्यकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच करा, युरियाचं प्रमाण अंदाजानं घ्यायची गोष्ट नाही.

मग माझं मत? तुमच्या जागी मी असते तर पाडव्याला कुट्टीची मोटार घेतली असती. दुसऱ्या मिस्त्रीकडून इंजिन तपासून, ब्लॉक शाबूत असेल तर एप्रिल-मेमध्ये, वावर रिकामं असताना, बाबांना शेजारी बसवून काम करून घेतलं असतं. आणि वहिनींचं छत त्याच्याही आधी. जर्सीच्या संकरित गाई मेच्या उन्हात धापा टाकतात आणि दूध चोरतात. पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा किंवा तणसाचा थर, उंच छत, दोन बाजूंनी वारा, यानं या उन्हाळ्यातच फरक दिसेल. ट्रॅक्टर कुठलाही घेतला तरी मे महिन्यात तो एक लिटर दूध वाढवणार नाही.

इंजिन खरंच गेलेलं निघालं, तर ४० च्या आसपासचा घ्या. दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेला, म्हणजे गिअर बदलायला क्लच दाबली तरी मागचं यंत्र थांबत नाही. पुढे कधी बेलर लावायचा झाला तर याची गरज पडेल. तेलातले ब्रेक, पॉवर स्टेअरिंग, आणि सगळ्यात आधी हे बघा की काटोलात त्याचा मिस्त्री आणि स्पेअर दोन तासांत मिळतात का. कर्ज कमी ठेवा. जुना लगेच देऊ नका, आधी बाहेर भाव काढा.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा एवढं कळवा : सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर धूर कोणत्या रंगाचा असतो, आणि अर्ध्या तासानंतर कोणत्या. बाबांना विचारलंत तर बघायलाही जावं लागणार नाही.